दोन नंबर

अमावास्या मुद्दाम निवडली होती.
बोगमाळ्याहून निघालो तेव्हा साडेसात.
मुरगाव बंदराचे पिवळे दिवे आडवे येऊ नयेत म्हणून
पास्कूने होडी बेटाच्या पाठीशी नेली,
न सांगता.

तीन कॅमेरे. तिघांच्या रबरी कड्यांना
ग्रीस मीच लावलं, जेवणाआधी, करंगळीने.
सहा मीटरवर शिशाला बांधलेली पाटी,
तिच्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा, बारीक होत जाणाऱ्या.
कुठवर रेघा राहतात, कुठे त्यांची राख होते,
एवढंच मोजायचं.
बाकीचा समुद्र आमच्या तक्त्यात नव्हता.

"सगळं बंद," उर्विजा म्हणाली.
मी मोबाईल पालथा घातला.
पास्कूने विडी मुठीत लपवली.
एक नंबर अजून कलंडलेला, तोंड वर करून;
त्याच्या पडद्यावर होडीच्या काठाशी
एक पांढरा ठिपका, मुठीच्या फटीतून.
"विझव रे."
ठिपका गेला. समुद्र पुन्हा सरकारी काळा.

गेन वाढवला. पडदाभर रवा सांडला.
तिने लिहिलं: खरखर, जास्त.
तेवढ्यात खाली रुझारने पाटी सरळ करायला हात उचलला
आणि रवा त्याच्या बोटांमागे धावला,
मनगटाशी दाटला, कोपरावरून निसटला.
सेन्सरची खरखर
कुणाच्या हातामागे जात नाही.
तिने लिहिलेलं खोडलं.
खोडलं, आणि पेन तसंच धरून बसली.

"ह्या उजेडावरून बापूय बांगडे ओळखायचा,"
पास्कू म्हणाला, हनुवटीने पाणी दाखवत.
आम्ही वाकून पाहिलं.
तासभर पडद्यात घातलेले डोळे आमचे,
आम्हाला नुसतं काळं दिसलं.
"पळय मगो," तो म्हणाला.
थांबायला वेळ नव्हता, बॅटरी सदतीस टक्के.

दोन नंबर आठ वाजून दहा मिनिटांनीच गेला होता.
वाळूवर येऊन उघडला,
कड्यात एक केस अडकलेला.
पिकलेला. म्हणजे माझाच.
सिलिकाच्या पुड्या फुगून गच्च,
आणि काचेमागे दोन चमचे समुद्र.

तक्त्यात: नापास.
मग डबा कलता केला.
पाणी ओल्या वाळूवर पडलं
आणि पडता पडता
निळं उजळलं, एकदाच,
माझ्या बुटाच्या टोकाशी.

उर्विजा गाडीत वायरी गुंडाळत होती.
पास्कू काडी पेटवत होता,
वाऱ्याकडे पाठ करून.