अडसर

ऑक्टोबरात आमच्या कोबारिदची माणसं जुनी होतात.
निळसर-करडे कोट, पोटऱ्यांना पट्ट्या,
टपालमास्तर सार्जंट,
दंतवैद्य त्सिरिल घोड्यावाचूनचा घोडेस्वार.
गोराज्दला यंदा तुकडीत जागा मिळाली,
कोट मिळाला, काखेत जरा घट्ट.
बंदूक मात्र ज्याची त्याने आणायची.

कॉफीच्या डब्यात तीनशे दहा युरो होते.
ते छपरासाठी आहेत, हे मी एकदाच बोलले.
एकदाच बोललं की जास्त दिवस टिकतं.

सीमेपलीकडे गोरित्सात एका दुकानात
खरी मान्लिखर आहे,
नळीला भोकं पाडलेली, चाप डाग देऊन गोठवलेला,
सोबत शिक्क्याचा कागद:
ही आता कोणालाही मारू शकत नाही.
नऊशे चाळीस.
गोराज्दने ती हातात घेतली
जसं भाचीचं बाळ घेतलं होतं बारशाला,
आणि तशीच घाईघाईने परत दिली.

रबराची साठला मिळते.
बोगोमिरची गेल्या उन्हाळ्यात गाडीत राहिली
आणि संचलनात पावट्याच्या शेंगेसारखी
वाकून चालली.

व्हिएन्नाहून खेळण्यातली येते, दोनशे वीस.
खटक्याचा आवाज हुबेहूब,
लाकूड म्हणजे लाकडाचं चित्र.

रात्री फोनच्या उजेडात तो तिघींना ओळीने बसवायचा,
स्थळं बघावीत तसा:
हिचं नाक, तिचं वजन, तिसरीची मागणी.
मी कूस बदलायचे.

मग एका पहाटे कोंबड्या सोडायला गेले.
खुराड्याच्या दाराला अडसर आहे,
सासूबाईंच्या सासूच्या वेळचा, अक्रोडाचा,
एका टोकाला रुंद, पुढे मनगटाएवढा.
वीस वर्षं, दिवसातून दोनदा,
माझा हात त्यावरून जातो.
त्या दिवशी तो थांबला,
बरोबर तिथे, जिथे कोणाचा तरी थांबत असणार.

आमच्या खोऱ्यात हे असंच.
काटेरी तारेचे खांब राजम्याचे वेल धरतात,
लोखंडी टोपात मांजर दूध पितं,
तोफेच्या पितळेत आईने आयुष्यभर जिरेनियम लावले.
लढाई संपली तेव्हा लोकांकडे लढाईच उरली होती,
तीच त्यांनी संसाराला घेतली.

नळी नळवाल्याकडची, अकरा युरो.
खटका गोठ्याच्या कडीचा.
पट्टा वडिलांच्या अकॉर्डियनचा,
तो मी दिला, मागितला नव्हता.
व्हिनेगर आणि मीठ लावून पाइपाला चार दिवसांत
शंभर वर्षांचा गंज आणला,
दस्त्याला अळशीचं तेल.
हातात हलकी लागली, म्हणून नळीत
माशांच्या गळाचं शिसं ठासून भरलं.
एकूण सेहेचाळीस.

दस्त्यावर तीन खाचा होत्या.
दिवस, माणसं, की नुसता कंटाळा,
कोण सांगणार.
गोराज्द घासकागद घेऊन बसला
आणि तेवढी जागा सोडून
बाकी सगळं घासत राहिला.

त्सिरिलने ती तोंडातल्या दाढेसारखी तपासली.
दस्ता इटालियन आहे, म्हणाला.
शत्रूचा.
कोणी काही बोललं नाही.
माझी आजेसासू इथे परकी सैन्यं येता-जाता
चार राजवटींना अंडी विकत होती,
तिने लाकूड कुठलं ते विचारलं नसणार.
गोराज्द म्हणाला, खंदकात हाताला लागेल ती उचलत असतील.
त्सिरिल म्हणाला, असेलही.
आणि त्याला शेवटच्या रांगेत उभं केलं.

छान चालला. खांदा जरा कलता,
शिशामुळे, किंवा कोटामुळे.
नदी तिच्या त्या अशक्य हिरव्या रंगात
बाजूने जात होती, कोणाचीच बाजू न घेता.
एका पोराने विचारलं, उडते का?
नाही रे, गोराज्द म्हणाला, फक्त जड आहे.

त्या रात्री खुराड्याच्या दाराला
सुतळी होती.
सकाळी दोन कोंबड्या कमी,
कुंपणापर्यंत पिसं.

सेहेचाळीसमध्ये त्या धरायच्या की नाही
यावर आमचं अजून एकमत नाही.