साप क्रमाने चावत गेला

पहिल्यांदा वारकेच हसला.
आंबापाट आरोग्य केंद्राची नोंदवही, माहिती अधिकारात
दोन रुपये पानाने मिळालेली, एकशे सोळा पानं.
तो हसला तसा ढाब्यावरचा पोऱ्या
शेवभाजी ठेवता ठेवता थांबला.
"हा साप बघ," म्हणाला.
"घर नंबर चार. घर नंबर पाच. मग सहा.
सातला कुलूप असेल, सोडलं. मग आठ."

मी मतदार यादी शेजारी ठेवली.
तीच नावं, तोच क्रम, चूकसुद्धा तीच :
बुधा दित्या बारेला, वय २७, लिंग स्त्री.
सर्पदंश. इंजेक्शन, कुप्या दहा, दिल्या.
साप शिकलेला होता.
जनगणनेच्या मास्तरासारखा ओसरीवरून ओसरीवर,
एका श्रावणात एकोणचाळीस घरं,
आणि एकही माणूस दगावला नाही.
त्याचं प्रशस्तिपत्रक केंद्रात लावलंय, फ्रिजच्या वर.
फ्रिज मी उघडला. आत लोणचं,
कुणाचा तरी डबा, कोथिंबिरीची अर्धी जुडी.
बल्ब लागत होता, एवढं लिहून घेतलं.

औषधांचे सोनगिरे खुर्चीतून उठले नाहीत.
"साप काय सही करस का, ताई?"
म्हणाले, आणि चहा मागवला.
चहा आम्ही प्यालो. हे बातमीत नाही.

मग आठ दिवस वारकेच्या फटफटीवर.
केळीच्या बागा संपल्या की सावली संपते,
पुढे सातपुड्यापर्यंत नुसतं ऊन, मे महिना, शेहेचाळीस.
घर चार : गुजरातेत, ऊसतोडीला.
घर पाच : म्हातारा म्हणाला, साप नाही,
विंचू चावला होता, लग्नाच्या आधी.
घर आठच्या जागेवर चुलीचे तीन दगड.
घर अकराच्या माणसाने विचारलं,
दहा कुप्यांचे किती होतात?
आकडा ऐकून तो बराच वेळ
स्वतःच्या पायाकडे बघत राहिला,
चावला असता तर बरं झालं असतं, असा.

घर सात. कुलूप नव्हतं. दारच नव्हतं.
गुलाब बारेलाची बायको टोळंब्या फोडत होती.
त्याच श्रावणात, पहाटे, गोधडीत, मण्यार.
पोरगी नऊ वर्षांची.
केंद्रात नेली तर त्यांनी फ्रिज उघडून दाखवला,
बघ बाई, नाही. जळगावला ने.
गाडीला डिझेल नव्हतं.
(डिझेलची नोंदवही वेगळी आहे. तीही आमच्याकडे आहे.)
तापीचा पूल यायच्या आत संपलं सगळं.

एवढं एक घर त्यांनी सोडलं होतं,
साप खरंच गेला होता ते.

नाव विचारलं. सुमली.
मी दोनदा लिहिलं.

बातमी लागली. पान पाच,
वर सोनगिऱ्यांच्या साडूचा वाढदिवस, रंगीत, अर्धं पान.
चौकशी समिती दोन गाड्यांतून आली.
सोनगिरे निलंबित झाले, दिवाळीनंतर शहाद्याला रुजू.
फ्रिजमध्ये आज वीस कुप्या आहेत, मी मोजल्या,
तारखा पुढच्या आहेत. हे झालं. हे मी नाकारत नाही.

पण डेस्कवर रात्री पावणेबाराला कुणीतरी,
घाईतला, बहुधा चांगलाच मुलगा,
तीन महिने पगार न झालेला,
सुमली म्हणजे टायपिंगची चूक समजला
आणि त्याने सुमन केलं.

दुरुस्तीसाठी मी भांडले.
छापली. पान नऊ, तळाला,
नगरपालिकेच्या निविदेखाली, दीड ओळ.
वारके म्हणाला, पुरे आता. तो आला नाही.

कात्रण घेऊन एकटीच पाड्यावर गेले.
तिने हात पदराला पुसले
आणि माझ्यासाठी म्हणून, आपली बोली सोडून, विचारलं,
"मन्ही पोरनं नाव शे का यामा?"
शे, म्हटलं. तिचं बोट धरून तिथे ठेवलं.
बोटाखाली दीडच्या दीड ओळ झाकली गेली.
उचललं तेव्हा थोडी शाई लागलेली,
मतदानाला लावतात तसली नाही,
लगेच जाणारी.