किती घरं

कुडचड्याच्या काट्यासाठी प्रोग्राम लिहिताना
ट्रकांच्या खेपांना मी दोनच घरं दिली.
नव्व्याण्णव पुरे, म्हटलं.
मेमरी तेव्हा महाग
आणि मी चोवीस वर्षांचा.

कुष्टा वेळीप, काट्यावरचा कारकून,
लाल बोटानं पडदा पुसत म्हणाला,
"शंभरावा ट्रक आत्ता गेला, बाब.
तुझ्या हिशेबी आज एकही नाही."

तीन घरं केली. मग चार.
टनांना सहा, दशांशानंतर तीन.
पैशाला तरंगता दशांश चालत नाही
हे एका ड्रायव्हरनं शिकवलं:
महिन्याच्या भाड्यात तीन पैसे कमी,
ते मागायला तो सावर्ड्याहून
सायकल मारत आला.
दिले. मोजून घेतले त्यानं.

उणे चिन्हाला मात्र जागाच ठेवली नव्हती.
भरल्या ट्रकापेक्षा रिकामा जड
कसा असेल?
एकदा होता.
परतताना हौद्यात सात माणसं झोपलेली,
आणि जाताना माल नुसता नावाला.
उणे दोनशे किलो
माझ्या प्रोग्रामनं दोनशे किलो लिहिले.
मालकानं पैसे चुकते केले,
आणि कळूनही
मी ती ओळ पुढच्या आठवड्यात दुरुस्त केली.

आता खाण बंद.
काट्याच्या पत्र्याखाली पाणकोंबडी अंडी घालते.
कुष्टा तरी संध्याकाळी अहवाल छापतो:
खेपा ००००
टन ००००००.०००
खाली सही करतो, तारीख घालतो.

परवा फोनवर विचारत होता,
"एक घर पुरो नी रे आतां?"

मी अजून काही कमी केलेलं नाही.