बांक

चोडणच्या धक्क्यावर फेरी टेकते,
तिथून चाळीस पावलांवर आमची शाखा होती.
आता शटरवर तीन सह्यांची नोटीस आहे
आणि बाहेर तो लांब बाक,
ज्यावर बसून लोक पासबुकाची वाट पाहत.

एकवीस वर्षं मी गल्ल्यावर होतो.
नोटा मोजल्या, शब्द कधी मोजले नाहीत.
पण त्या दिवशी मेस्त बोस्त्यांव
बाकाचा निखळलेला पाय हातात धरून म्हणाला,
"बांक मोडलो, कारकुना."
कुठला, ते मला कळेना.

पोर्तुगीज अमदानीत तो तीन इयत्ता शिकलेला.
पैसे ठेवायचे तो बांकू, बसायचं तोही बांकू,
मांडवीच्या मुखाशी बार्जी रुततात
तो वाळूचा उंचवटा, तोही बांकूच.

घरी जाऊन जाड इंग्रजी कोश उघडला.
बँक, नदीचा काठ. बँक, पेढी.
एकाच आडनावाची दोन खाती,
नंबर वेगळे, सह्या वेगळ्या.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: मूळ एकच.
जमिनीतून वर आलेलं काहीतरी.
मातीचं असलं तर काठ,
लाकडाचं असलं तर बाक,
आणि त्या बाकावर नाणी मांडून बसला
कुणी इटलीचा सराफ, की झाली बँक.
त्याचं दिवाळं निघालं तर, म्हणे,
लोक येऊन तो बाकच मोडत.

हे मी बोस्त्यांवला सांगितलं.
तो रंधा मारत राहिला.
"आंब्याचें लांकूड तें. मोडतलेंच."

शेवंताबाय अजून दर सोमवारी येते.
तिसऱ्या विकून साठवलेले सगळे पैसे आत.
ती बाकावर बसत नाही.
पुढे पाण्यापाशी जाते,
टोपली पालथी घालून टेकते
आणि मोबाइलवर लेकीला सांगते,
"हांव बँकेर आसां."
बँकेर. म्हणजे बँकेवर.
मी तिची चूक सुधारायला तोंड उघडतो
आणि मिटतो.
कोश तिच्या बाजूने आहे.

बाकाला नवा पाय लागला, फणसाचा,
अर्धा इंच उंच.
बसलं की सगळा बाक
रिबंदरच्या बाजूला, पाण्याकडे कलतो.
अजून कुणी तक्रार केलेली नाही.
तक्रारवही आत आहे.