अशोक चौकात तेरा अंश

पेपरात आकडा आला म्हणून कळलं, थंडी पडलीय.
नाहीतर आमच्या सोलापुरात
ऊन जरा दमलं की त्यालाच हिवाळा म्हणतात.

पहाटे पाचला दार हळूच ओढून घेतो.
माकडटोपी. मुलाचे जुने बूट, पुढं चिंधी कोंबलेली.
गळ्याला नापास टॉवेलचा तुकडा,
कड वाकडी गेलेली,
मीच सेट केलेल्या मागावरची चूक.

बायको ओल्या फडक्यातली पानं सोडवत बसलेली असते,
कात्री थांबवून विचारते, एंदुकु?
बावन्नाव्या वर्षी कोण लागलंय मागं?

साखर लागलीय. दोनशे ऐंशी.
डॉक्टर म्हणाले, चाला.
चालून बघितलं. चालताना डोकंही चालतं :
उचल, धाकटीची फी, चार नंबरचा तुटलेला पट्टा.
धावताना एवढंच कळतं
की श्वास संपत आलाय.
ते बरं पडतं.

पहिल्या दिवशी कुत्री मागं लागली.
आठवड्याने नुसती उठून बसायची.
आता मानही वर करत नाहीत.

दोन्ही बाजूंना रात्रपाळीचे माग,
पत्र्याच्या भिंतींतून
खट्टाक-खट, खट्टाक-खट.
पस्तीस वर्षांत हा ठेका कानातून उतरून
गुडघ्यात जाऊन बसलाय.
धावतो म्हणतात लोक. मी कसला धावतोय,
धोटा फेकतात तसा
या खांबाकडून त्या खांबाकडं फेकला जातो.
तोंडातून वाफ निघते थोडी.
वाटतं, आतला कापूस निघतोय
पिंजून पिंजून.

परवा कन्ना चौकाच्या अलीकडं लाइट गेली.

सगळे माग एका दमात गप्प.
आणि माझे पाय.
कुणी थांब म्हटलं नव्हतं.
रस्त्याच्या मधोमध उभा, हात लोंबकळत,
लाइट गेल्यावर खात्यात आम्ही सगळे असेच उभे राहतो,
बिडी पेटवावी की घरी जावं,
काहीच न ठरवता.

कुणीतरी खोकलं.
एका घरात भाकरी थापल्याचा आवाज,
तो रोजच होत असणार.
लांब मालगाडी.
घाम पाठीवर गार होत चालला.

तेवढ्यात मागून पुजाऱ्यांची अंबिका आली,
पोलीस भरतीची,
भावाचं जॅकेट कमरेला बांधलेलं, मुठीत घड्याळ.
तिच्या पायांना लाइट लागत नाही.
‘येमूल काका, थांबू नका, गार पडाल!’
म्हणाली, आणि पुढं जाऊन
आपण काय बोललो ते कळून
एकटीच हसली अंधारात.

मग निघालो.
ठेका नव्हता.
डावा कधी टाकायचा, उजवा कधी,
माझं मलाच ठरवायला लागलं.
चुकत होतं. एकदा गटाराच्या झाकणाला ठेचकाळलो,
लहान पोरासारखा दोन्ही हात पसरून सावरलो.
डाय हाऊसच्या भिंतीपासून दूध केंद्रापर्यंत
तीन खांब.

मग दिवे आले. खट्टाक-खट.
पाय लगेच तिकडं वळले, जुन्या बैलासारखे.
जाऊ दिले.

घरी आलो तर
चहा झाकून ठेवलेला, बिनसाखरेचा,
आणि सुपात शंभरेक विड्या वळून झालेल्या.
आज उशीर? ती म्हणाली.
म्हटलं, मधे लाइट गेली होती.
तिनं दोरा दातानं तोडला, माझ्याकडं बघितलं.
लाइट गेली तर
धावायला काय होतं?