आ लावा

शाहूपुरीत झेरॉक्सच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून
मंगळवारी अन् शुक्रवारी मी स्पॅनिश शिकायला जातो.
तिघं पोरं आहेत, जर्मन झेपलं नाही म्हणून इकडं आलेली.
चौथा मी. वय अठ्ठावन्न.

तंझीला मुजावर शिकवते, चोवीसची असेल.
तिचा जन्म सीपीआरचा, म्हणजे आमच्याच वॉर्डातला,
कदाचित माझ्याच हातावरचा.
विचारलं नाही. फी कमी केली असती तिनं.

पहिल्या दिवशी नाव सांगायचं होतं.
"मे यामो जयश्री."
तिकडं ज चा ह होतो म्हणाली.
"तुम्हाला हायश्री म्हणतील, मॅडम."
घरी आरशासमोर म्हणून बघितलं. हायश्री मगदूम.
छत्तीस वर्षं हजेरीपटावर सही करणाऱ्या बाईपेक्षा
ही जरा मोकळी वाटली.

जाऊबाई म्हणाल्या, "पेरूला निघालाय म्हणं?
लक्ष्मीपुरीत मिळत नाहीत व्हय?"
मिळतात की, म्हटलं, पण बिया लई.

वहीत एकच शब्द ओळखीचा निघाला:
पागार. पैसे देणे.
आपलाच पगार, कुठल्या गलबतातनं उतरला कुणास ठाऊक.
तिकडच्या दवाखान्यात खोली मिळणार, दोन वेळचं जेवण,
वर्षभर रात्रपाळी.
ओळखीचा म्हणून निघाला, अन् तेवढाच लागणार नाही.

र मात्र पहिल्या झटक्यात जमला.
पोरांची जीभ कुत्र्यापाशी अडते. पेर्रो.
मला काय त्याचं. 'अर्रर्र' म्हणायला
कोल्हापुरात कुणाला क्लास लावावा लागत नाही.

मग तिसऱ्या आठवड्यात दमण्याचा धडा आला.
"एस्तोय कान्सादो," मी म्हटलं.
"कान्सादा. आ लावा, मॅडम. तुम्ही बाई आहात."

मी गप्प.
आमच्या गल्लीत आई म्हणायची, दमलो.
आत्या म्हणायची, जेवलो, आता पडतो जरा.
मीही तेच घेऊन पुण्याला नर्सिंगला गेलो
तर होस्टेलच्या पोरी पोट धरून हसायच्या,
"आली बघा तालमीतनं."
दोन महिने 'दमले' म्हणून बघितलं.
खरंच दमलो.

आता या वयात पुन्हा एक आ.
लिहिला, पानभर. कान्सादा कान्सादा कान्सादा.

पण 'वोय'ला काही लागत नाही.
वोय. जातो म्हणा, जाते म्हणा, त्यातच आलं.
तंझीलाला म्हटलं, ही भाषा दमलेल्याचं बाई-बापय बघते,
निघालेल्याचं बघत नाही.
"हे परीक्षेत येत नाही," ती म्हणाली.

मला लागणारी वाक्यं मी वहीच्या मागनं लिहीत आणलीत.
दोन्दे ले दुएले. कुठं दुखतंय.
रेस्पीरे. श्वास घ्या.
पुहे. जोर द्या.
एन्तिएन्दे. कळतंय का.
(कळा येतायत तिला, अन् कळतंय का विचारायचं.)
या कासी. झालंच, झालंच.
हे शेवटचं मी जन्मभर खोटं बोलत आलो
म्हणून सगळ्यात आधी पाठ झालं.

काल तिकडच्या सिस्टरचा निरोप आला:
डोंगरावरनं येणाऱ्या बायका केचुआ बोलतात,
स्पॅनिश त्यांनाही मोडकंच येतं.
तंझीलाचा चेहरा पडला.
मला उलट हलकं वाटलं.
म्हणजे रात्री अडीचला दोघीजणी
उसन्या भाषेत चुकणार,
ओ लागला का आ, बघायला तिसरं कुणी नसणार,
आणि जो तिसरा येईल
तो नुसता रडणार.

जिना उतरताना रोजच्यासारखं म्हटलं, "येतो गं."
वरनं तिचा आवाज, "मे वोय म्हणा, मॅडम! मे वोय!"
पाचव्या पायरीवर थांबलो.
उंबऱ्यातनं निघताना जातो म्हणू नये.
तेवढं नाही म्हटलं.

खाली पासपोर्टच्या दोन कॉप्या काढल्या.
सुटे नव्हते.
शुक्रवारी देतो, म्हटलं.