इतर

हुपरी. फॉर्म एकशे सत्तेचाळीस.
तंबाखू? "न्हाई."
मिश्री? "लगीन झाल्यापास्नं."
स्वयंपाक चुलीवर की गॅसवर?

अक्काताई खोकल्या, पाटल्या मागं सारल्या.
"चुलीचं इचारतासा,
मुशीचं न्हाई व्हय?
चांदी वितळायची त्याच खोलीत
पाळणा हुता.
तीन पोरं निजवली तितं."

मुशीला चौकोन नव्हता.
समासात पेन्सिलनं लिहिलं:
भट्टी, तीस वर्षं, झोपायची जागा तीच.

सीपीआरच्या दुसऱ्या मजल्यावर
शमशाद की-बोर्डवरून मान न उचलता म्हणाली,
समास चढत नाही, सर.
'इतर'वर टिक करा.

केली.

पुढच्या महिन्यात अक्काताईंनी विचारलं,
"माझं लिवलंसा न्हवं?"

मी नळी पुढं केली.
फुंका, म्हटलं.
अजून. अजून जोरात.